१३ नोव्हेंबर : गोविंद बल्लाळ देवल
सांगलीजवळच्या हरिपूरचे नाटककार गोविंद बल्लाळ देवल यांचा आज जन्मदिन (१८५५). बेळगावी शिकताना अण्णासाहेब किर्लोस्करांशी गाठ पडली आणि पुढे हा विद्यार्थी नट झाला, तालीममास्तरही झाला. सात नाटकांपैकी ‘शारदा’ (१८९९) हे एकच स्वतंत्र. त्यात बोहल्यावर चढायला उतावीळ झालेला म्हातारा भुजंगनाथ आणि लग्नाचा दलाल भद्रेश्वर दीक्षित अशी अस्सल वल्ली आहेत. ‘फाल्गुनराव’ मात्र मूळचा मोलियरचा, तोही इंग्रजीमार्गे आलेला. बायकोच्या हातात परक्या पुरुषाची तसबीर दिसते आणि घोटाळ्याला तोंड फुटते! हा नवरा फ्रान्सचा वाटेल तर शपथ. पदे घालून त्याचेच ‘संशयकल्लोळ’ झाले, ते १९१६ मध्ये गंधर्व मंडळीने रंगवले. त्याच वर्षी १४ जूनला देवल निवर्तले.