वादळातील अंधार आणि जनित्राची सुरक्षितता

३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. विजेचे खांब जागोजागी आडवे झाले आणि श्रीवर्धन, म्हसळा, मंडणगड, दापोली या तालुक्यांतील अनेक गावांनी पुढील कित्येक दिवस अंधारात काढले. मे २०२१ मधील 'तौक्ते' वादळानेही कोकणातील वीजयंत्रणेला तडाखा दिला. विहिरीवरचा पंप, फ्रिजमधील इन्सुलिन, मोबाइलचे चार्जिंग यांसाठी अशा वेळी पेट्रोलवर चालणारे छोटे जनित्र मोठा आधार ठरते. मात्र निष्काळजीपणे वापरल्यास हेच यंत्र जीवघेणे ठरू शकते.

जागेची निवड

जनित्राच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू असतो. त्याला रंग वा गंध नसतो. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूच्या तुलनेत दोनशे पटींहून अधिक सहजतेने संयोग पावतो. परिणामी शरीराला प्राणवायू मिळेनासा होतो. पावसामुळे जनित्र पडवीत वा गोठ्यात आणण्याचा मोह होतो. तो कटाक्षाने टाळावा. केवळ खिडक्या उघड्या ठेवणे पुरेसे नसते. यंत्र घरापासून किमान २० फूट अंतरावर, कोरड्या उंचवट्यावर आणि बाजूंनी मोकळ्या छपराखाली ठेवावे. धुराचे तोंड घराच्या विरुद्ध दिशेला असावे. यंत्रावर ताडपत्री गुंडाळू नये. डोकेदुखी, चक्कर वा मळमळ जाणवल्यास तात्काळ मोकळ्या हवेत येऊन १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

जोडणी करताना

जनित्राची वायर घरातील सॉकेटमध्ये खोचण्याची पद्धत अत्यंत धोकादायक आहे. ही वीज मीटरमधून उलट बाहेर पडते आणि रोहित्रात तिचा दाब ११ हजार व्होल्टपर्यंत चढू शकतो. वाहिनी बंद आहे असे समजून खांबावर चढलेल्या वायरमनचा त्यात बळी जाऊ शकतो. घराच्या वायरिंगला वीज द्यायची असल्यास परवानाधारक तंत्रज्ञाकडून चेंजओव्हर स्विच आणि अर्थिंग करून घ्यावे. अन्यथा उपकरणे जाड, अखंड वायरने थेट जनित्राला जोडावीत. ओल्या हातांनी यंत्रास स्पर्श करू नये.

भार किती?

अर्ध्या अश्वशक्तीचा पंप चालताना साधारणतः ५०० ते ६०० वॉट वीज घेतो. सुरू होताना मात्र त्याला तिप्पट वा त्याहून अधिक वीज लागते. फ्रिजचेही तसेच. म्हणून इंजिन दोन-तीन मिनिटे रिकामे चालू द्यावे, प्रथम मोठे उपकरण लावावे आणि मग एकेक करून लहान उपकरणे जोडावीत. पंप आणि फ्रिज एकाच वेळी सुरू करू नयेत. बंद करतानाही आधी सर्व उपकरणे काढून मगच इंजिन थांबवावे.

इंधन आणि देखभाल

चालू वा तापलेल्या इंजिनात पेट्रोल ओतू नये. सांडलेल्या थेंबानेही भडका उडू शकतो. इंजिन बंद करून थंड होऊ द्यावे. पेट्रोलचा साठा घरात वा चुलीजवळ ठेवू नये.

प्रत्येक वापरापूर्वी ऑइलची पातळी तपासावी. नव्या यंत्राचे ऑइल प्रथम सुमारे २० तासांनी आणि त्यानंतर साधारणतः १०० तासांनी वा सहा महिन्यांनी बदलावे. आपल्या यंत्राच्या माहितीपुस्तिकेत वेगळी मुदत दिली असल्यास ती पाळावी. एअर फिल्टर आणि स्पार्क प्लग वेळोवेळी स्वच्छ करावेत. समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत धातूचे भाग लवकर गंजतात. त्यामुळे वापरानंतर थंड झालेले यंत्र कोरड्या फडक्याने पुसावे.

जनित्र महिनाभराहून अधिक काळ पडून राहणार असल्यास टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामे करावेत. जुन्या पेट्रोलचा चिकट थर बसल्यास इंजिन ऐनवेळी सुरू होत नाही. शिवाय इथेनॉलमिश्रित पेट्रोल हवेतील ओलावा शोषून घेते. मे महिन्याच्या अखेरीस ताजे पेट्रोल भरून पंधरा-वीस मिनिटे भारासह चाचणी घ्यावी, म्हणजे उणिवा वादळापूर्वीच लक्षात येतील.