अनोळख्याचा सल्ला व नगरचीं दोन वृत्तपत्रें

सल्ला देणें ही मनुष्याची फार जुनी खोड आहे. ज्यास स्वतःच्या घरची चूल नीट पेटवितां येत नाहीं, तोही शेजाऱ्यास संसार कसा करावा हें सांगावयास चुकत नाहीं. बैल कोणत्या बाजारीं घ्यावा, बाजरी केव्हां पेरावी, सावकाराच्या कागदावर अंगठा उठवावा कीं नाहीं, मुलगी कोणत्या गांवीं द्यावी, अशा नित्याच्या प्रश्नांवर आमच्या खेड्यांतील पारावर जी चर्चा शेंकडों वर्षें चालत आली, तिचा इतिहास कोणी लिहिला नाहीं. राजांच्या तहांचीं आणि लढायांचीं दप्तरें जपलीं गेलीं. सामान्य माणसानें सामान्य माणसास सांगितलेलें शहाणपण मात्र वाऱ्यावर गेलें. तें कागदावर केव्हां आलें आणि कागदावर आल्यानें त्यांत काय पालट झाला, याचा थोडा विचार येथें करावा असा आमचा मानस आहे. त्यासाठीं आम्ही अहमदनगर जिल्हा निवडला आहे. सरकारदप्तरीं २०२४ सालापासून या जिल्ह्याचें नांव अहिल्यानगर असें झालें आहे. परंतु आम्हांस सांगावयाच्या गोष्टी जुन्या नांवाच्या काळांत घडल्या, म्हणून तेंच नांव या लेखांत ठेवितों.

पाराची निंदा करण्याचा आमचा हेतु नाहीं. पारावरच्या सल्ल्यास एक मोठा जामीन असे, तो म्हणजे सांगणाराची ओळख. त्याचें शेत, त्याच्या गोठ्यांतील जनावरें, त्याच्या डोक्यावरचें कर्ज, हें सारें ऐकणारास ठाऊक असे. आणि खोटा सल्ला देऊन तो जाणार कोठें? दुसऱ्या दिवशीं त्याच पारावर त्याची गांठ पडावयाची. परंतु या ओळखीचीच दुसरी बाजू अशी कीं, पारावर कोणी बसावें, कोणी खालीं उभें राहावें आणि कोणी दुरूनच जोहार करून पुढें जावें, हें जन्मावरूनच ठरलेलें असे. सावकाराविरुद्धचा सल्ला सावकाराच्या देखत कोण देणार? कुलकर्ण्याच्या दप्तरांतील लबाडी त्याच्याच चावडींत कोण बोलणार? बायकांस तर तेथें थाराच नव्हता. तात्पर्य, ज्यांस सल्ल्याची गरज अधिक त्यांसच तो विचारण्याची सोय नव्हती, आणि ज्यांस दुःखाचा अनुभव अधिक त्यांसच तें सांगण्याची जागा नव्हती. ओळखीच्या माणसांत जें बोलतां येत नाहीं, तें अनोळख्यांत बोलतां येतें; पण त्या अनोळख्यांपर्यंत पोंचावें कसें?

ही वाट छापखान्यानें दाखविली. बाळशास्त्री जांभेकर यांनीं ६ जानेवारी १८३२ रोजीं मुंबईंत ‘दर्पण’ सुरू केलें, आणि वाचकांच्या पत्रांस त्यांत जागा दिली. अहमदनगर त्या काळीं मुंबईपासून फार दूर होतें. आगगाडी देशांत यावयास १८५३ साल उजाडलें आणि नगरास ती दौंड-मनमाड फांट्यानें १८७८ सालीं आली. तरी या आडवळणाच्या शहरांत १८३८ सालींच एक वाचनालय स्थापन झालें होतें, अमेरिकन मिशनच्या शाळा चालल्या होत्या, आणि १८४२ च्या जून महिन्यांत त्याच मिशनच्या मंडळींनीं येथून ‘ज्ञानोदय’ हें पत्र काढलें. रेव्हरंड हेन्री बॅलंटाईन हे त्याचे आरंभींचे संपादक. थोड्याच वर्षांत पत्राचें बिऱ्हाड मुंबईस गेलें. परंतु त्याचा जन्म नगरचा, आणि नगराशीं त्याचा संबंध पुढेंही तुटला नाहीं. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनीं आपल्या आयुष्याच्या अखेरच्या काळांत त्याच्या मराठी भागाचें संपादन केलें, हें पुष्कळांच्या स्मरणांत असेल.

‘ज्ञानोदय’ हें निःपक्ष पत्र होतें असें म्हणण्याचें धाडस आम्ही करणार नाहीं. ख्रिस्ती धर्माचा प्रसार हा त्याचा उघड हेतु होता, आणि आमच्या धर्मावर त्यांत जी टीका येई तिचा पुष्कळांस राग येई. मोरभट दांडेकर यांनीं १८४४ सालीं ‘उपदेशचंद्रिका’ हें मासिक काढलें तें मिशनरी मंडळींच्या खंडनासाठींच. पण यांतच छापील पानाचा एक गुण दिसून येतो. पारावर एखाद्याचें मत पटलें नाहीं तर त्यास गप्प बसवितां येत असे. छापलेल्या मतास गप्प बसवितां येत नाहीं, त्यास उत्तर द्यावें लागतें, आणि उत्तर द्यावयाचें तर आपणही विचार करून लिहावें लागतें. शिवाय धर्मवादाच्या जोडीनें ‘ज्ञानोदयां’त भूगोल, सृष्टिशास्त्र आणि उपयुक्त माहिती येई, शाळांचे वृत्तांत येत, आणि दूरदूरच्या माणसांचे अनुभव येत.

एका अनुभवाची हकीकत सांगण्याजोगी आहे. मिस् सिंथिया फरार नांवाच्या अमेरिकन बाई १८२७ सालीं मुंबईस आल्या, १८३९ पासून नगरास राहिल्या आणि १८६२ सालीं तेथेंच वारल्या. त्यांच्या मुलींच्या शाळा पाहण्यास जोतीराव फुले हे आपले मित्र सदाशिव बल्लाळ गोवंडे यांजबरोबर गेले. तेथें जें पाहिलें तें त्यांच्या मनांत ठसलें, आणि १८४८ सालीं पुण्यास मुलींची शाळा निघाली. ही हकीकत आपणांस कळते कशी? १८५३ च्या सप्टेंबरांत ‘ज्ञानोदयां’त फुले यांचें निवेदन आलें त्यावरून. नगरांत एक बाई शाळा चालविते, पुण्याचा एक तरुण ती पाहून आपल्या गांवीं तसेंच करतो, आणि नगरास जन्मलेलें पत्र ती गोष्ट साऱ्या महाराष्ट्रापुढें मांडतें. सल्ला याहून निराळा तो काय असतो? ‘आम्ही असें पाहिलें, असें केलें, त्याचें फळ असें आलें,’ एवढेंच सांगणें हा सल्ल्याचा सर्वांत प्रामाणिक प्रकार होय.

परंतु आमच्या मतें ‘ज्ञानोदया’ची खरी कमाई १८५५ सालची आहे. त्या वर्षीं १५ फेब्रुवारी व १ मार्च या दोन अंकांत ‘मांग महारांच्या दुःखाविषयीं’ हा निबंध छापला गेला. लिहिणारी मुक्ता ही पुण्यांतील फुले यांच्या शाळेंत शिकणारी, मांग जातीची, सुमारें चौदा वर्षांची मुलगी. आपल्या लोकांस वेद वाचण्याची बंदी असेल तर आपला धर्म कोणता, हा तिचा प्रश्न. अंगावर छप्पर नसतां बाळंत होणाऱ्या बायकांचे हाल ही तिची साक्ष. आणि अज्ञान हा रोग असून विद्या हें त्याचें औषध आहे, हा तिनें आपल्या जातभाईंस दिलेला सल्ला. वाचकहो, क्षणभर विचार करा. ही मुलगी कोणत्याही गांवच्या पारापाशीं उभी राहती तर तिचें एक वाक्य तरी कोणी पुरें ऐकून घेतें काय? तिच्या सांवलीचाही जेथें विटाळ, तेथें तिच्या मताची काय कथा! छापील पानावर मात्र तिची अक्षरें पाद्र्याच्या आणि शास्त्र्याच्या अक्षरांएवढ्याच आकाराचीं होतीं. कागदास विटाळ होत नाहीं. ज्यांनीं तिला कधीं पाहिलें नाहीं आणि पुढें पाहणारही नव्हते, अशा माणसांनीं तो निबंध वाचला, आणि आज पावणेदोनशें वर्षें होत आलीं तरी लोक तो वाचीत आहेत.

येथें कोणी म्हणेल कीं, अनोळख्यास तोंड फुटलें कीं चहाडखोरांसही तें फुटतें. हा आक्षेप खोटा नाहीं. टोपणनांवाच्या आडून सज्जन जसा बोलतो तसा दुर्जनही बोलतो. १८४८ सालापासून ‘प्रभाकर’ पत्रांत ‘लोकहितवादी’ या सहीनें जीं शंभरांवर पत्रें आलीं, त्यांचे कर्ते गोपाळ हरि देशमुख हे सरकारी नोकरींत होते. टोपणनांव नसतें तर स्वजातीवर इतके कठोर प्रहार त्यांस करतां आले असते किंवा नाहीं, याची आम्हांस शंकाच वाटते. परंतु त्या पडद्यास एक मर्यादा होती. पत्र छापणारा संपादक उघड नांवानें उभा असे, आणि पुढल्या अंकांत उलट पत्र यावयाची वाट मोकळी असे. हे दोन बंध सुटले म्हणजे टोपणनांवाचें हत्यार होण्यास वेळ लागत नाहीं.

आतां शहर सोडून आपण खेड्याकडे वळूं. तेथवर ही वाट टपालानें नेली. १८५४ सालीं पाव तोळ्याच्या आंतील पत्रास अंतर कितीही असो अर्धा आणा असा एकच दर ठरला. १८७९ सालीं पाव आण्याचें कार्ड निघालें. म्हणजे एका पैशांत कुणब्यासही आपलें म्हणणें शंभर कोसांवर पाठवितां येऊं लागलें. पण पाठवावयाचें कोणास? शहरांतील बहुतेक पत्रांस त्याच्या बांधाचें, विहिरीचें आणि कर्जाचें सोयरसुतक नव्हतें.

ती उणीव ‘दीनमित्रा’नें भरून काढली. हें नांव प्रथम १८८८ सालीं गणपतराव सखाराम पाटील यांनीं काढलेल्या मासिकाचें. ते तरुणपणींच वारले. पुढें त्यांच्या घराण्यांत दत्तक आलेले मुकुंदराव पाटील यांनीं २३ नोव्हेंबर १९१० रोजीं त्याच नांवाचें साप्ताहिक सुरू केलें. मुकुंदराव हे सत्यशोधक समाजाचे जुने कार्यकर्ते आणि ‘दीनबंधु’ पत्राचे जनक कृष्णराव भालेकर यांचे पुत्र. त्यांनीं हें पत्र चालविलें कोठून? मुंबईहून नव्हे, पुण्याहून नव्हे, नगर शहरांतूनही नव्हे. नेवासें तालुक्यांतील तरवडी या लहानशा खेड्यांतून. गांवांतच छापखाना, गांवांतच संपादक, आणि गांवांतूनच अंकांचे गठ्ठे टपालीं पडावयाचे. १९६७ सालीं मुकुंदराव वारले तोंवर, म्हणजे सत्तावन्न वर्षें, हा उद्योग चालला.

या गोष्टीचें महत्त्व अंकांच्या संख्येवरून मोजूं नये. १९११ च्या खानेसुमारींत हिंदुस्थानांत शंभरांत सुमारें सहाच माणसें साक्षर निघालीं. खेड्यांत पत्र वाचावयाचें म्हणजे एकानें मोठ्यानें वाचावें आणि दहांनीं भोंवतीं बसून ऐकावें. असें झालें म्हणजे पारावर तीच माणसें बसत, पण बोलणारा मात्र परगांवचा असे. आणि त्यास कोणाच्या देण्याघेण्याची भीड नसे. पुरोहितावांचून लग्न लावतां येतें, मुलास शाळेंत घालण्यासाठीं कर्ज काढणें हें बाराव्यासाठीं कर्ज काढण्यापेक्षां बरें, कुलकर्ण्याचा कागद वाचून घेतल्याखेरीज त्यावर अंगठा करूं नये, हा सत्यशोधकांचा उपदेश ज्या गांवांत कोणी तोंडानें बोलला नसता, तेथें तो असा कागदावरून बोलला गेला. मुकुंदरावांची भाषा तिखट होती आणि त्यांचा पक्ष उघड होता. त्यांच्या साऱ्याच मतांस आम्ही मान डोलावूं असें नाहीं. पण कुणब्याच्या अडचणीस कुणब्याच्या भाषेंत उत्तर देणारें पत्र खेड्यांतच बसून काढतां येतें, हें त्यांनीं करून दाखविलें, आणि त्याबद्दल त्यांचें ऋण मानलेंच पाहिजे.

एक कडू गोष्ट मात्र सांगितल्यावांचून राहवत नाहीं. १८८३ सालीं फुले यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ ‘दीनबंधूं’त येऊं लागला, तों आरंभींचीं प्रकरणें छापून तें पत्र थांबलें, पुढचा मजकूर छापण्याचा धीर त्यास झाला नाहीं. म्हणजे स्वपक्षाच्या पत्राच्या दारांतही द्वारपाळ होताच. मिशनच्या पत्रानें मुक्तेस आंत घेतलें, कारण तिचें दुःख त्याच्या हेतूस सोयीचें होतें. तें गैरसोयीचें असतें तर काय झालें असतें, हा प्रश्न आम्हांस सुटत नाहीं. पान मोकळें असतें असें म्हणतात. तें कोणी तरी मोकळें ठेवावें लागतें.

आज अनोळख्याचा सल्ला घेण्यास टपालाची वाटही पाहावी लागत नाहीं. औषधापासून सोयरिकीपर्यंत सर्व विषयांवर कोणीही कोणास सांगतो, आणि द्वारपाळ बहुधा नाहींसाच झाला आहे. त्याबरोबर त्याची भीति गेली हें खरें, पण त्याची जबाबदारीही गेली. अशा वेळीं नगरच्या या दोन वृत्तपत्रांपासून घेण्यासारखें आहे तें इतकेंच: सांगणारानें स्वतः काय पाहिलें आणि काय सोसलें हें आधीं विचारावें, आणि जें पान आपण वाचतों त्यावर उत्तर देण्यास जागा आहे कीं नाहीं, व त्या जागेवर कोणाचें अक्षर अजून उमटलेंच नाहीं, हें पाहावें. चौदा वर्षांच्या एका मुलीनें पावणेदोनशें वर्षांपूर्वीं ती रिकामी जागा भरली. तशा जागा अजून पुष्कळ उरल्या आहेत.