वर्गात कोण बोलते? : अध्यापनसंवादाच्या अभ्यासाची शंभर वर्षे

शाळेचा इतिहास लिहिताना पटसंख्या, निकाल, इमारती आणि मुख्याध्यापकांच्या कारकिर्दी यांचा आधार घेतला जातो. ही साधने कागदावर उरतात. शाळेचा बहुतांश दिवस मात्र ज्यात जातो, ते वर्गातील बोलणे घंटा होताच विरून जाते. शिक्षकांनी काय विचारले, कोणी हात वर केला, कोण गप्प राहिले, याची नोंद कोणत्याही हजेरीपटात नसते. हे विरून जाणारे बोलणे टिपून त्याचा अभ्यास करण्याचा प्रयत्न गेल्या शंभर वर्षांत झाला. त्या प्रयत्नांची हकिकत मातृभाषेतून शिकविणाऱ्या शाळेशी जवळचे नाते सांगणारी आहे.

आपल्याकडील पंतोजींच्या शाळेत आवाजाची वाण नव्हती. धूळपाटीवर अक्षरे गिरवीत आणि पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी एका सुरात म्हणत मुले शिकत. या सामूहिक पाठांतराने पिढ्यान्‌पिढ्या हिशेबाला पक्की माणसे घडविली, हे नाकारता येत नाही. मात्र आवाज मुलांचा असला, तरी त्यातील शब्द त्यांचे नव्हते.

पाश्चात्त्य शाळांतील चित्र वेगळे असेल, असा समज १९१२ साली दूर झाला. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील रोमिएट स्टीव्हन्स यांनी माध्यमिक शाळांतील पाठ लघुलिपीत शब्दशः उतरवून घेतले आणि प्रश्न मोजले. शिक्षक मिनिटाला दोन ते चार प्रश्न विचारीत होते. दिवसाची सरासरी ३९५ प्रश्नांच्या घरात जात होती, आणि बोलण्याच्या वेळेपैकी सुमारे ६४ टक्के वाटा एकट्या शिक्षकांचा होता. इतक्या वेगाने येणाऱ्या प्रश्नांना आठवणीतून एकदोन शब्दांचे उत्तर देता येते. विचार करून उत्तर देण्यास उसंत मिळत नाही, हा त्यातून निघणारा निष्कर्ष होता.

पुढे नेड फ्लँडर्स या अमेरिकन संशोधकाने निरीक्षणाला पद्धतीची शिस्त दिली. निरीक्षकाने वर्गात बसून दर तीन सेकंदांनी एक आकडा लिहावयाचा. एकूण प्रकार दहा. त्यांपैकी सात शिक्षकाच्या बोलण्याचे : भावना स्वीकारणे, शाबासकी देणे, मुलांच्या कल्पना स्वीकारणे, प्रश्न विचारणे, व्याख्यान देणे, सूचना देणे आणि टीका करणे. मुलांच्या वाट्याला दोनच : विचारल्यावर उत्तर देणे आणि आपण होऊन बोलणे. दहावा प्रकार शांततेचा वा गोंधळाचा. दहापैकी सात प्रकार शिक्षकासाठी लागावेत, यातच वस्तुस्थिती दिसते. फ्लँडर्स यांना आढळलेले प्रमाण ‘दोन तृतीयांशांचा नियम’ म्हणून प्रसिद्ध झाले. वर्गाचा दोन तृतीयांश वेळ बोलण्यात जातो, त्यातील दोन तृतीयांश बोलणे शिक्षकाचे असते, आणि शिक्षकाच्या बोलण्यापैकी पुन्हा दोन तृतीयांश माहिती, सूचना व टीका यांचे असते.

ही पद्धती भारतात रुजविण्यात बडोद्याचा वाटा मोठा आहे. महाराज सयाजीराव विद्यापीठातील शिक्षणशास्त्राच्या प्रगत अध्ययन केंद्रात एम. बी. बुच आणि त्यांचे सहकारी यांनी भारतीय वर्गांतील शाब्दिक आंतरक्रियेचा अभ्यास केला. बुच यांनी संपादिलेले भारतीय शैक्षणिक संशोधनाचे पहिले सर्वेक्षणही १९७४ साली तेथूनच प्रसिद्ध झाले. ज्या नगरीत गायकवाडांच्या काळापासून मराठी आणि गुजराती शेजारी नांदल्या, तेथेच वर्गातील बोलणे हा संशोधनाचा विषय व्हावा, हा योग लक्षणीय म्हटला पाहिजे. अध्यापक महाविद्यालयांच्या अभ्यासक्रमात फ्लँडर्स यांचे नाव पुढे कायमचे झाले.

तथापि, आकडे मोजल्याने बोलणे किती हे कळले, तरी ते कसे हे कळत नव्हते. ध्वनिमुद्रणाने ती सोय केली. १९७५ साली बर्मिंगहॅमच्या सिंक्लेअर आणि कूल्टहार्ड या भाषाभ्यासकांनी ध्वनिमुद्रित पाठांतून वर्गसंवादाचा तीन पायऱ्यांचा साचा दाखवून दिला : शिक्षकाचा प्रश्न, मुलाचे उत्तर, शिक्षकाचा अभिप्राय. ‘नर्मदा कोणत्या समुद्राला मिळते?’ ‘अरबी समुद्राला.’ ‘बरोबर, खाली बस.’ जगातील कोणत्याही शाळेत शिकलेल्या माणसाला हा संवाद ओळखीचा वाटेल. शाळेबाहेर मात्र तो विचित्र ठरतो. रस्त्यात वेळ विचारणारा माणूस उत्तर ऐकून ‘बरोबर’ म्हणू लागला, तर सांगणारा चकित होईल. स्वतःला उत्तर ठाऊक असलेला प्रश्न विचारणे ही शाळेचीच रीत आहे.

ही रीत प्रत्येक मुलाला घरून मिळालेली नसते. शर्ली ब्राइस हीथ यांनी अमेरिकेतील कॅरोलायना भागात अनेक वर्षे कुटुंबांमध्ये वावरून १९८३ साली हे मांडले. तेथील एका कृष्णवर्णीय श्रमिक वस्तीत मोठी माणसे मुलांना गोष्टींतील साम्य, मागचा प्रसंग, मुलाचे स्वतःचे मत असे विचारीत. ‘हा रंग कोणता?’ असे ठाऊक असलेले विचारीत नसत. शाळेत अशाच प्रश्नांचा मारा होताच ती मुले गप्प होत आणि मंद ठरविली जात. शिक्षकांनी त्यांना परिचित असलेल्या धाटणीचे प्रश्न पाठांत आणले, तेव्हा तीच मुले बोलू लागली. वर्गातील मौन हे अज्ञानाचेच लक्षण नसते, हा या अभ्यासाचा मोलाचा धडा होय.

मौनाचा दुसरा उलगडा मेरी बड रो यांनी केला. प्रश्न विचारल्यानंतर शिक्षक उत्तरासाठी सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात, असे त्यांना प्राथमिक विज्ञानाच्या वर्गांत आढळले. ही प्रतीक्षा तीन सेकंदांपर्यंत वाढविताच उत्तरे लांबली, ‘माहीत नाही’ कमी झाले, मुले स्वतः प्रश्न विचारू लागली आणि मागे पडणारी म्हणून गणलेली मुलेही बोलती झाली. या सुधारणेला खडू-फळ्याइतकाही खर्च नव्हता.

इंग्लंडमधील डग्लस बार्न्स यांनी १९७०च्या दशकात याचे कारण शोधले. चारपाच मुले एखाद्या कोड्याभोवती बसली की त्यांचे बोलणे अडखळते, अर्धवट आणि ‘म्हणजे असं की...’ या थाटाचे असते. बार्न्स यांच्या मते हे चाचपडणे हीच विचाराची घडण होय. उत्तर पक्के झाल्यावरच बोलावे, असा दंडक असेल, तर ती घडण वर्गात होतच नाही.

या शोधांच्या कितीतरी आधी भावनगरच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात गिजुभाई बधेका यांनी आणि त्यांच्यासह काम करून पुढे बोर्डी-कोसबाडला गेलेल्या ताराबाई मोडक यांनी हे सूत्र आचरणात आणले होते. गिजुभाईंच्या ‘दिवास्वप्न’मधील शिक्षक गोंगाट करणाऱ्या वर्गाला छडीने नव्हे, तर गोष्टीने जिंकतो. कोसबाडला ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालविली. मुलाला शाळेच्या बोलीत आणण्यापूर्वी शाळेने मुलाच्या जगात जावे, हा त्यामागील विचार होता.

महाराष्ट्राबाहेरील मराठी शाळेला हा इतिहास विशेष लागू पडतो. इंदूर, बडोदे वा हैदराबाद येथील मूल घरी मराठी बोलते आणि बाजारात हिंदी, गुजराती वा तेलुगू. बार्न्स यांनी वर्णिलेले चाचपडते बोलणे सहज सुचते ते घरच्या भाषेत. परक्या भाषेत मूल तयार वाक्याची वाट पाहते आणि बहुधा गप्प राहते. मराठी माध्यमाचा खरा आधार भाषाभिमानाइतकाच येथेही आहे.

परंतु हा आधार आपोआप मिळत नाही. माध्यम मराठी असूनही दोन तृतीयांश बोलणे शिक्षकांचेच राहू शकते. शिवाय पिढ्यान्‌पिढ्या परप्रांतात राहिलेल्या घरांतील मराठीत शेजारच्या भाषेचे शब्द मिसळलेले असतात. मुलाने उत्साहाने सांगितलेल्या अनुभवावर पहिला अभिप्राय ‘अशुद्ध बोललास’ असा आला, तर मूल भाषा सुधारत नाही. ते बोलणे थांबविते. प्रमाण मराठी शिकविणे हे शाळेचे कर्तव्यच आहे, पण त्याची वेळ मुलाचे म्हणणे ऐकून झाल्यानंतरची असते.

पटसंख्येची चिंता आज अनेक मराठी शाळांना आहे आणि मुलाला कोणत्या माध्यमात घालावे, हा पालकांचा प्रश्न रास्त आहे. शंभर वर्षांचे संशोधन त्याला जोडून आणखी एक प्रश्न विचारावयास सांगते : या वर्गात मूल किती बोलेल आणि त्याचे किती ऐकले जाईल? स्टीव्हन्स यांना पाठ टिपण्यासाठी लघुलेखक नेमावे लागले होते. आज खिशातील मोबाइल ते काम करतो. एखाद्या शिक्षकाने आपला एक तास ध्वनिमुद्रित करून घरी निवांत ऐकला, प्रश्नानंतरचे सेकंद मोजले आणि मुलांची पूर्ण वाक्ये किती आली ते पाहिले, तर शाळेच्या इतिहासातील आजवर अलिखित राहिलेले एक पान लिहिले जाऊ लागेल.