तळटीप : उथळ पाण्यात जहाज खाली बसते ते का
* जहाज पुढे जाते तेव्हा समोरचे पाणी त्याच्या तळाखालून आणि बाजूंनी मागे सरते. उथळ जागी ही वाट चिंचोळी होते, पाणी जोराने धावते, त्याचा दाब घटतो आणि जहाज खाली बसते. वेग निम्मा केला, तर हे बसणे जवळपास चौथाईवर येते. ७ ऑगस्ट १९९२ रोजी मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यालगत, कटीहंक बेटाजवळ, ‘क्वीन एलिझाबेथ २’ हे प्रवासी जहाज सुमारे २४ नॉट वेगात असताना खडकांना घासले. नकाशात तिथे ३९ फूट पाणी दाखवले होते. स्थिर असताना जहाजाला ३२ फुटांहून थोडे अधिक लागे. खडक नकाशात होते त्याहून उंच निघाले, शिवाय जहाज किती बसेल याचा अंदाजही तोकडा पडला. म्हणून उथळ पाण्यात शिरण्याआधीच वेग उतरवणे हीच खरी खबरदारी. – संपा.