चॉटनचे विटांचे घर

४. ‘कॉटेज’ – या शब्दावरून वाचकाच्या डोळ्यांपुढे गवताने शाकारलेले खोपटे उभे राहील, म्हणून हा खुलासा. इंग्लंडच्या हॅम्पशायर परगण्यातील चॉटन गावात जेन ऑस्टिन ज्या घरात १८०९ ते १८१७ राहिली, ते लाल विटांचे, कौलारू छपराचे, चांगले दुमजली घर आहे. निजायच्या खोल्याच सहा. घराची मालकी तिचा भाऊ एडवर्ड याची. आई, दोघी बहिणी आणि मैत्रीण मार्था लॉइड यांना त्याने ते राहायला दिले. त्याआधी काही काळ तिथे खानावळवजा सराई होती, आणि घर अगदी रस्त्याला लागून आहे.

एडवर्डने घरात केलेला एक बदल मला फार बोलका वाटतो. दिवाणखान्याची रस्त्याकडची मोठी खिडकी त्याने बुजवून घेतली. आत तिच्या जागी पुस्तकांचे कपाट झाले. त्याऐवजी बाजूच्या भिंतीत, बागेच्या अंगाला, टोकदार कमानीची गॉथिक धाटणीची नवी खिडकी पाडली. इंग्लंडात १६९६ ते १८५१ या काळात खिडक्यांवर कर होता, त्यामुळे जुन्या घराची बुजवलेली खिडकी दिसली की कर चुकवला असे सर्रास सांगितले जाते. इथे तसे नाही. एक बुजवली तशी दुसरी उघडलीही; हवा होता तो निवांतपणा. आज हे घर प्रथम श्रेणीची संरक्षित वास्तू आहे, आणि १९४९ पासून संग्रहालय. – संपा.