महाराष्ट्राचे हरित हायड्रोजन धोरण

महाराष्ट्राचे हरित हायड्रोजन धोरण हे राज्यात नवीकरणीय ऊर्जेपासून हायड्रोजन व त्याच्या अनुजात पदार्थांचे (मुख्यतः अमोनियाचे) उत्पादन वाढावे, यासाठी महाराष्ट्र शासनाने आखलेले धोरण आहे. राज्य मंत्रिमंडळाने ४ जुलै २०२३ रोजी त्यास मान्यता दिली आणि त्यासाठी ८,५६२ कोटी रुपयांची तरतूद मंजूर केली. इ.स. २०३० पर्यंत दरवर्षी ५ लाख टन हरित हायड्रोजनाचे उत्पादन साध्य करणे, हे या धोरणाचे उद्दिष्ट आहे. महाराष्ट्र ऊर्जा विकास अभिकरण (महाऊर्जा) ही धोरणाच्या अंमलबजावणीची मुख्य संस्था आहे.

संकल्पना

पाण्यातून वीजप्रवाह सोडला असता त्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजन या घटकांत विभाजन होते. या प्रक्रियेस विद्युत अपघटन म्हणतात आणि ती घडवून आणणाऱ्या यंत्रास इलेक्ट्रोलायझर म्हणतात. सौर, पवन यांसारख्या नवीकरणीय स्रोतांतील वीज वापरून असा हायड्रोजन तयार केल्यास त्याला हरित हायड्रोजन ही संज्ञा लावली जाते. जैवभारापासून मिळवलेल्या हायड्रोजनाचाही भारतीय व्याख्येत समावेश आहे.

सध्या उद्योगांत वापरला जाणारा बहुतेक हायड्रोजन नैसर्गिक वायूवर बाष्पाची प्रक्रिया करून मिळवतात. या पद्धतीत एक किलो हायड्रोजनामागे सुमारे ९ ते १० किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. केंद्र शासनाने ऑगस्ट २०२३ मध्ये निश्चित केलेल्या मानकानुसार, एक किलो हायड्रोजनामागील उत्सर्जन बारा महिन्यांच्या सरासरीने २ किलो कार्बन डायऑक्साइडपेक्षा अधिक नसेल, तरच तो हरित मानला जातो.

पार्श्वभूमी

पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी १५ ऑगस्ट २०२१ रोजी राष्ट्रीय हायड्रोजन अभियानाची घोषणा केली. केंद्रीय मंत्रिमंडळाने ४ जानेवारी २०२३ रोजी राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानास १९,७४४ कोटी रुपयांच्या तरतुदीसह मान्यता दिली. देशात २०३० पर्यंत दरवर्षी ५० लाख टन उत्पादनक्षमता आणि त्यासाठी सुमारे १,२५,००० मेगावॅट नवीकरणीय वीजक्षमता उभारणे, हे त्याचे उद्दिष्ट होय. तरतुदीपैकी १७,४९० कोटी रुपये इलेक्ट्रोलायझरची देशांतर्गत निर्मिती व हायड्रोजनाचे उत्पादन यांच्या प्रोत्साहनासाठी राखून ठेवले आहेत. उत्पादकास मिळणाऱ्या प्रोत्साहनाची कमाल मर्यादा प्रतिकिलो पहिल्या वर्षी ५० रुपये, दुसऱ्या वर्षी ४० रुपये आणि तिसऱ्या वर्षी ३० रुपये अशी उतरती आहे.

महाराष्ट्रात हायड्रोजनाची मागणी पूर्वीपासूनच आहे. मुंबईतील माहुल येथील तेलशुद्धीकरण प्रकल्प तसेच तुर्भे व अलिबागजवळील थळ येथील खत कारखाने हे त्याचे मोठे ग्राहक होत. धोरण जाहीर करताना राज्याची मागणी वर्षाला ५.२ लाख टन असल्याचे आणि २०३० पर्यंत ती १५ लाख टनांवर जाण्याची शक्यता असल्याचे शासनाने नमूद केले होते.

राज्यांची भूमिका

हायड्रोजन अभियान केंद्राचे असले, तरी उत्पादनखर्च ठरवणाऱ्या बऱ्याच बाबी राज्यांच्या हाती आहेत. संविधानाच्या सातव्या अनुसूचीनुसार पाणी, जमीन आणि विजेच्या वापरावरील कर हे विषय राज्यसूचीत येतात, तर वीज हा विषय समवर्ती सूचीत आहे. आंतरराज्य पारेषणाचे आकार केंद्र माफ करू शकते. राज्याच्या स्वतःच्या वाहिन्यांवरील आकार, विद्युत शुल्क आणि मुद्रांक शुल्क यांत सवलत देण्याचा निर्णय मात्र राज्यस्तरावर होतो.

या सवलतींचे महत्त्व साध्या हिशेबाने लक्षात येते. एक किलो हायड्रोजन तयार करण्यास सुमारे ५० ते ५५ युनिट वीज लागते. म्हणजे विजेचा दर युनिटमागे एका रुपयाने कमी झाला, तर हायड्रोजनाचा खर्च किलोमागे ५० रुपयांहून अधिक घटतो. केंद्राच्या पहिल्या वर्षीच्या कमाल प्रोत्साहनाएवढी किंवा त्याहून थोडी अधिक अशी ही रक्कम आहे. केंद्राचे प्रोत्साहन तीन वर्षांपुरते आहे, तर राज्याची वीजविषयक सवलत दहा वर्षे चालते.

प्रमुख तरतुदी

वीज: मुक्त प्रवेशाद्वारे राज्यातून वा राज्याबाहेरून, किंवा वीज बाजारातून, स्वतःच्या वापरासाठी नवीकरणीय वीज घेणाऱ्या हायड्रोजन प्रकल्पांना, प्रकल्प सुरू झाल्यापासून दहा वर्षे पारेषण आकारात ५० टक्के आणि वहन आकारात ६० टक्के सूट मिळते. स्वतंत्र वीजप्रकल्पांना दहा वर्षे आणि संकरित प्रकल्पांना पंधरा वर्षे विद्युत शुल्क पूर्णपणे माफ आहे. क्रॉस सबसिडी अधिभारातूनही सूट देण्यात आली आहे.

जमीन: प्रकल्पाच्या जमिनीस स्थानिक संस्था कर, अकृषिक कर आणि मुद्रांक शुल्क यांतून पूर्ण सूट आहे.

वायूत मिश्रण: हरित हायड्रोजन वायूत मिसळण्यासाठी पाच वर्षे प्रतिकिलो ५० रुपये अनुदान दिले जाते.

वाहतूक: पहिल्या २० हायड्रोजन भरणा केंद्रांना भांडवली खर्चाच्या ३० टक्के, कमाल ४.५ कोटी रुपये अनुदान मिळते. हायड्रोजन इंधन घटावर चालणाऱ्या पहिल्या ५०० प्रवासी वाहनांनाही ३० टक्के अनुदान आहे, त्याची मर्यादा प्रतिवाहन ६० लाख रुपये आहे.

मनुष्यबळ प्रशिक्षण, कौशल्यविकास आणि एक खिडकी सुविधा यांसाठीही धोरणात स्वतंत्र निधीची तजवीज आहे.

अंमलबजावणी व संशोधन

जानेवारी २०२४ मध्ये राज्य शासनाने सात कंपन्यांशी हरित हायड्रोजनविषयक सामंजस्य करार केले. या करारांतील प्रस्तावित गुंतवणूक सुमारे २.७६ लाख कोटी रुपयांची आणि प्रस्तावित उत्पादनक्षमता वर्षाला सुमारे ९ लाख टनांची होती. सामंजस्य करार हा प्रत्यक्ष गुंतवणुकीचा निर्णय नसतो. हायड्रोजनासाठी दीर्घ मुदतीचा खरेदीदार मिळणे आणि कर्ज मंजूर होणे, हे टप्पे त्यानंतर येतात.

संशोधनाच्या क्षेत्रात पुण्याचे स्थान महत्त्वाचे आहे. तेथील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि एक खाजगी कंपनी यांनी विकसित केलेल्या हायड्रोजन इंधन घटावरील बसचे अनावरण ऑगस्ट २०२२ मध्ये झाले. केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने देशात निवडलेल्या हायड्रोजन व्हॅली नवोपक्रम समूहांतही पुण्याचा समावेश आहे.

अन्य राज्यांची धोरणे

आंध्र प्रदेशाने २०२३ मध्ये वर्षाला ५ लाख टन हरित हायड्रोजन व २० लाख टन हरित अमोनियाचे उद्दिष्ट ठेवून धोरण जाहीर केले. त्याच वर्षी राजस्थानने २०३० पर्यंत वर्षाला २० लाख टनांचे, तर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशाने वर्षाला १० लाख टनांचे उद्दिष्ट ठरवले. गुजरातने २०२३ मध्ये हरित हायड्रोजन प्रकल्पांना शासकीय पडीक जमीन भाडेपट्ट्याने देण्याचे धोरण स्वीकारले.

अन्य नवीकरणीय वायू

शेण, प्रेसमड, पिकांचे अवशेष आणि शहरी ओला कचरा यांपासून मिळणारा बायोगॅस शुद्ध करून दाबाखाली साठवला असता त्याला संपीडित बायोगॅस म्हणतात. त्यात मिथेनचे प्रमाण ९० टक्क्यांहून अधिक असते, त्यामुळे तो सीएनजीऐवजी थेट वापरता येतो. त्याच्या खरेदीची हमी देणारी ‘सतत’ ही केंद्रीय योजना १ ऑक्टोबर २०१८ रोजी सुरू झाली. वाहनांसाठीच्या सीएनजीत व घरगुती नळवायूत हा वायू मिसळण्याचे बंधन केंद्राने घालून दिले असून त्याचे प्रमाण २०२५-२६ साठी १ टक्का, २०२६-२७ साठी ३ टक्के, २०२७-२८ साठी ४ टक्के आणि २०२८-२९ पासून ५ टक्के असे ठरवण्यात आले. मोठ्या संख्येने साखर कारखाने असल्याने प्रेसमडचा पुरवठा महाराष्ट्रात एकाच ठिकाणी उपलब्ध होतो.

दोन्ही वायूंच्या धोरणांत एक मूलभूत भेद आहे. बायोगॅसच्या बाबतीत मिश्रणाचे बंधन घालून ग्राहक निश्चित केला आहे, तर राज्याच्या हायड्रोजन धोरणाचा भर उत्पादनखर्च कमी करण्यावर आहे.

आक्षेप व मर्यादा

वीज: वर्षाला ५ लाख टन उत्पादनासाठी किमान २,५०० कोटी युनिट वीज लागेल. राष्ट्रीय अभियानाच्या प्रमाणात पाहता ही सुमारे १२,५०० मेगावॅट नवीकरणीय क्षमता होते. ही क्षमता नव्याने उभी राहिली नाही, तर हायड्रोजनासाठी वापरलेल्या हरित विजेची उणीव कोळशाच्या विजेने भरून काढावी लागेल. देशाच्या वीजजाळ्यातील एका युनिटमागे सरासरी सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड उत्सर्जित होतो. अशा विजेवर तयार झालेल्या एक किलो हायड्रोजनामागील उत्सर्जन ३५ किलोंच्या घरात जाईल. नैसर्गिक वायूच्या पद्धतीपेक्षा ते तिपटीहून अधिक आहे.

पाणी: एक किलो हायड्रोजनासाठी रासायनिक प्रमाणानुसार ९ लिटर शुद्ध पाणी लागते. शुद्धीकरण व शीतकरण धरल्यास ही गरज २० ते ३० लिटरांपर्यंत जाऊ शकते. त्या हिशेबाने ५ लाख टनांसाठी वर्षाला १,००० ते १,५०० कोटी लिटर पाणी लागेल. मुंबईच्या सुमारे ३८५ कोटी लिटरांच्या दैनंदिन पुरवठ्याशी तुलना केल्यास हे तीन-चार दिवसांचे पाणी ठरते. राज्याच्या पातळीवर हे प्रमाण मोठे नाही. परंतु प्रकल्प मराठवाड्यासारख्या अवर्षणप्रवण भागातील एखाद्याच तालुक्यात एकवटले, तर पिण्याच्या व शेतीच्या पाण्यावर त्याचा ताण येऊ शकतो. किनारपट्टीवर समुद्राचे पाणी गोडे करून वापरण्याचा पर्याय उपलब्ध आहे.

सवलतींचा भार: क्रॉस सबसिडी अधिभाराचा उपयोग शेतकरी व अल्प वापराच्या घरगुती ग्राहकांचा दर कमी ठेवण्यासाठी होतो. हायड्रोजन प्रकल्पांना त्यातून व वहन आकारातून सूट दिल्यास तेवढी रक्कम शासनाच्या तिजोरीतून किंवा अन्य ग्राहकांच्या देयकांतून भरून निघावी लागते. ग्राहकांचे दर ठरवण्याचा अधिकार महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाकडे असल्याने, शासनाने भरपाई न दिलेल्या सवलतींचा परिणाम अखेर आयोगाच्या दरनिश्चितीत उमटतो.