पुढचं फक्त तुम्हाला ठाऊक आहे

२४ मार्च २०२०, रात्रीचे आठ. टीव्हीवर पंतप्रधान सांगतायत, आज मध्यरात्रीपासून सगळा देश बंद, २१ दिवस. तुम्ही मुंबईतल्या एका चाळीच्या गॅलरीत उभे आहात. खाली माणसं पिशव्या घेऊन वाण्याकडे धावत सुटली आहेत. २१ दिवसांत हे संपणार नाही, हे इथं एकट्या तुम्हालाच ठाऊक आहे. तुम्ही ओरडता. कुणालाच ऐकू जात नाही.

एप्रिल. दादरच्या हिंदू कॉलनीत एक आजी दुधाची पिशवी साबणाने धुतायत. कामाच्या मावशींना सोसायटीने गेटवरच अडवलंय, पेपरवाला येत नाही, जिन्यात पाऊल वाजत नाही. रात्री न्यू जर्सीचा मुलगा फोनवर दिसतो, तेव्हा तिथं सकाळ असते. ‘बरी आहे रे मी,’ म्हणतात. मग उठून दाराची आतली कडी काढून ठेवतात. मोरीत पाय घसरून पडलो तर दार कुणी फोडायचं, हा घोर त्यांना कोरोनाहून मोठा आहे.

तिथून धारावी लांब नाही. सार्वजनिक शौचालयाच्या रांगेत उभे राहा. रिक्षावरचा भोंगा अंतर ठेवायला सांगत गल्लीच्या तोंडाशी फिरतोय. गल्ली मात्र हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतील इतकीच रुंद. तुमच्या पुढचा माणूस खोकला गिळतो. खोलीत त्याच्यासकट सात जण झोपतात, पण घसा दुखतोय हे त्याने एकालाही सांगितलेलं नाही. कळलं तर उचलून नेतील, आणि मागे घरच्यांकडे शेजारी कसे बघतील?

पालिकेच्या रुग्णालयात चेहरे दिसत नाहीत, म्हणून पीपीई किटच्या छातीवर मार्करने नाव लिहिलेलं असतं. नातेवाइकांना आत सोडत नाहीत. एक सिस्टर रुग्णाच्या कानाशी फोन धरून उभी आहे. पलीकडून त्याची बायको बोलतेय, तो नुसता हुंकार देतोय. सिस्टरची स्वतःची मुलगी महिनाभर आजीकडे आहे.

आता जालन्याला चला. ७ मेची संध्याकाळ. पोलाद कारखान्यातले मध्य प्रदेशचे मजूर भुसावळकडे पायी निघालेत. काम थांबलंय, हातात पैसा नाही, रेशनकार्ड आहे ते गावाकडचं. १ मेपासून श्रमिक गाड्या सुटतायत म्हणे. त्यांच्यासाठी नाव कुठं नोंदवायचं, परवानगी कधी मिळायची, याचा पत्ता नाही. रस्त्यावर पोलीस अडवतील म्हणून ते रुळांवरून चालतात. बरोबर रोट्या बांधून घेतल्यात. तुम्हीही चाला. काळोख आहे, खडी पायाला टोचतेय, गावी पोचल्यावर काय करायचं यावर कुणी बोलत नाही. करमाडजवळ पाय उचलेनात तेव्हा ते थांबतात आणि बरेच जण रुळांवरच आडवे होतात. गाड्या बंद आहेत, अशी त्यांची समजूत आहे.

तुम्ही त्यांना हलवता. हात लागत नाही.

पहाटे मालगाडी येते. चालक भोंगा वाजवतो, ब्रेक दाबतो. १६ जण जातात. रोट्या रुळांत विखुरतात.

प्रवासी गाड्या थांबल्या, तरी मालगाड्या मार्चपासून रोज धावत होत्या. धान्य आणि कोळसा त्यांच्यातूनच जात होता. हे कळायला भविष्यातून येण्याची गरज नव्हती. प्रत्येक स्टेशनमास्तरला ते माहीत होतं. रुळांवरून माणसं चालतायत, हेही तेव्हा रोज दिसत होतं.